अडलंय

"आमचं सगळ्यात साधं आहे, ताई," तिसऱ्या सॉफ्टवेअरचा विक्रेता पडद्यापुढे उभा राहून सांगत होता. "काम झालं की हिरवं, थांबलं की लाल. लालवर 'अडलंय' असं येतं. बस्स."

"फोटो काढतं?" ताईने विचारलं.

"नाही."

"टाळ्या वाजवतं?"

"नाही हो."

ताईने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

लिफ्टचे आराखडे करणाऱ्या कंपनीत ताई धरून तिघांची ती टीम होती आणि ताई तिची प्रमुख. टीमची कामं कुठवर आली ते दाखवणारं एक ऑनलाइन सॉफ्टवेअर निवडा, असं साहेबांनी सांगितलं होतं. च्युइंगम चघळत आणखीही एक सांगितलं होतं. "तिघांतला एक कमी करायचाय. मी कशाला वाईट होऊ? सॉफ्टवेअरच दाखवेल कोण ते." मग च्युइंगम तोंडातून काढून त्यांनी टेबलाच्या खालच्या अंगाला चिकटवलं.

तेव्हापासून त्या टेबलाशी बसायचं म्हटलं की ताईला शिसारी यायची.

पहिलं सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी समोरच्या माणसाचा फोटो काढायचं. टीममधला आराखडे काढणारा, ज्याला सतत बडबडतो म्हणून सगळे रेडिओ म्हणायचे, नेमका जांभई देताना सापडला. साहेबांनी तो फोटो सगळ्या ऑफिसपुढे भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि दाढेतली चांदी दिसेपर्यंत मोठा केला. "हसा की," म्हणाले. लोक हसले. रेडिओही हसला.

दुसऱ्यात काम संपलं की एक गुलाबी अस्वल टाळ्या पिटायचं.

"ह्याला गप्प बसवता येतं का हो?" टीममधल्या काकांनी दोन दिवसांनी विचारलं.

"सोसा आठवडाभर, काका."

"सोसतो. घरी सांगितलं तर ही म्हणते, निदान कोणीतरी तुमचं कौतुक करतंय."

काका मापं तपासायचे. आराखड्यावर फूटपट्टी ठेवून, एकेक आकडा पुटपुटत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या आराखड्यात कधी चूक निघाली नव्हती, पण रेडिओची पाच कामं व्हायची तोवर त्यांचं एक. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. बायकोचं डायलिसिस कंपनीच्या कार्डावर व्हायचं, आठवड्यातून तीनदा. नोकरी गेली की कार्ड गेलं. कमी होणारा एक माणूस कोण, हे तिघांनाही ठाऊक होतं.

ताईने तिसरं निवडलं. त्यात काम कोणाच्या नावावर आहे एवढंच दिसायचं. केलं कोणी, ते नाही.

"दोन आठवडे चालवून बघू," साहेब म्हणाले. "शेवटच्या दिवशी फैसला."

ताई रोज दीड तास आधी यायला लागली. काकांच्या यादीतलं काम उघडायचं, मापं दोनदा ताडून पाहायची आणि 'झालं' करायचं. खोटेपणा आहे हे तिला कळत होतं. मग ते च्युइंगम आठवायचं आणि ती पुढचं काम उघडायची. तिचं स्वतःचं काम तसंच पडून राहायचं.

"ताई, तुमच्या पानाला गोवर आलाय," रेडिओ म्हणाला.

"तू आपलं बघ."

"बघतोय ना. काकांचं मात्र हिरवंगार. म्हातारा भलताच सुटलाय!" मग त्याने आवाज उतरवला. "काकांची जिन्याच्या बाजूची मापं माझ्याकडे द्या. माझं नाव कुठे काढू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून रेडिओच्या पानावरही लाल ठिपके उमटले.

"माझं काम हल्ली फार लवकर संपतंय," एका दुपारी काका म्हणाले.

"हात बसला तुमचा."

"तीस वर्षांनी?"

ताईने पुढचा आराखडा उघडला. काका बराच वेळ फूटपट्टी पुसत बसले.

शेवटच्या दिवशी तिघं साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहिले. साहेब नुकतेच जेवले होते. कोणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत त्यांनी पडद्यावर तिन्ही याद्या शेजारी शेजारी लावल्या. काकांची वरपासून खालपर्यंत हिरवी. रेडिओची मिश्र. ताईची लाल.

ताईचं ठरलेलं होतं. तिला दुसरीकडे कुठेही काम मिळालं असतं. काकांना मिळालं नसतं.

"ताई, केवढं हे लाल!"

"हो, साहेब. मीच मागे पडले. ठरल्याप्रमाणे करा, माझी काही तक्रार नाही."

"छे, छे! तुम्हाला कुठे सोडू?" साहेब हसले. "इतकं अडलंय म्हणजे तुमच्यावाचून आमचं अडतं." त्यांनी कार्डाचा ओला कोपरा काकांच्या हिरव्या रांगेवर टेकवला. "ह्यांच्यावाचून बघा, एकसुद्धा काम अडलेलं नाही."