निषेधाची सभा

सरोजिनीबाईंनी माइकवरून नाव घेतलं तेव्हा सखूला वाटलं, दुसरी कुणी सखू असेल.

ती शेवटच्या रांगेत आईला, वेणूबाईला, चिकटून बसली होती. वाशीतल्या नव्या सोसायटीचा हॉल बायकांनी गच्च भरला होता. भिंतीवर कापडी फलक होता, ‘मुलींची विटंबना थांबवा’. मंचावर एका उंच फळीवर पांढरी चादर टाकलेली होती.

“दिवाळे गावची आपली छोटी सखू आज इथे आली आहे,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “वर ये, बाळ.”

सगळ्या माना मागे वळल्या. सखूनं आईचा हात घट्ट धरला. असं काही ठरलं नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दिवाळ्याच्या बंदरावर एक फोटोवाला आला होता. पावडरच्या डब्याची जाहिरात करायची होती. सखू अकरा वर्षांची, सहावीत जाणारी. तिला काजळ घातलं, ओठ रंगवले, केस मोकळे सोडले. घरातली सगळी हसली होती. चार महिन्यांनी तोच फोटो मासिकात आला, मग तुर्भ्याच्या नाक्यावर घराएवढा होऊन उभा राहिला. चेहरा सखूचा होता, पण वय तिचं नव्हतं. खाली लिहिलं होतं, ‘आता मला लहान कोण म्हणेल?’

ती ओळ गावभर झाली. सखू दिसली की बंदरावरचे बापये ती म्हणायचे आणि हसायचे. बापाच्या वयाचे. एक दिवस तळोज्याच्या कारखान्यातले दोघे जण ‘पावडरवालीचं घर कुठलं’ असं विचारत थेट दारात आले. तेव्हापासून सखू आईबरोबर मासळीबाजारात बसेना. बापानं, नामदेवनं, तिची शाळा बंद केली.

त्यानंतर सरोजिनीबाई आल्या. वाशीच्या महिला मंडळाच्या. माशांच्या वासाला नाक न मुरडता ओट्यावर बसल्या. नामदेवशी तासभर भांडून त्यांनी सखूला पुन्हा शाळेत बसवलं. कंपनीविरुद्ध लिहिलं, मंडळाच्या बायका घेऊन कचेरीत गेल्या, नाक्यावरची जाहिरात उतरवायला लावली. ती उतरली त्या दिवशी सखू त्यांच्या कुशीत शिरून रडली.

“आता तो फोटो कुणाला दिसणार नाही,” तिच्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या होत्या. मायलेकींना त्यांनी आजच्या सभेला बोलावलं. मागे बसून फक्त ऐका, म्हणाल्या. कंपनीची माणसं येतील, सगळ्यांसमोर माफी मागतील.

कंपनीतून कुणीच आलं नव्हतं. पेपरवाले मात्र आले होते.

दोघी बायकांनी सखूला हाताला धरून मंचावर नेलं. तिला फळीशेजारी उभं केलं. “जरा इकडं सरक,” एकीनं तिचे खांदे धरून तिला लोकांकडे वळवलं. मग सरोजिनीबाईंनी चादर ओढली.

हॉलभर हाय हाय झालं. फोटो सखूच्या दुप्पट उंच होता. रंगवलेले ओठ तिच्या डोक्याच्या वर होते.

“बघा!” सरोजिनीबाईंचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. “ही एवढीशी पोर, आणि तिचं यांनी काय केलं ते बघा! याच्या पाचशे प्रती काढतोय आपण. ठाणे, पनवेल, प्रत्येक शाळेच्या, प्रत्येक कचेरीच्या दारात लावू. लोकांना लाज वाटली पाहिजे!”

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बाया सखूकडे बघायच्या, मग फोटोकडे, मग पुन्हा सखूकडे. एक जण शेजारणीला म्हणाली, “डोळे तेच आहेत गं.” सखूनं फ्रॉकची कड दोन्ही मुठींत धरली आणि खाली बघत राहिली.

वेणूबाई उठली. वाटेतल्या खुर्च्या ढकलत मंचावर चढली. खाली पडलेली चादर तिनं उचलली आणि दोन्ही हात उंच करून फोटोवर धरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले.

“वेणूबाई, छान!” सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या. “तसंच धरून ठेवा. त्यांना फोटो घेऊ द्या.”

वेणूबाईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या हातातली चादर गळून पडली. सखूला पदराखाली घेऊन ती मंचावरून उतरली. हॉलमध्ये अजून टाळ्या चालूच होत्या.

सरोजिनीबाई मागोमाग पायऱ्यांवर धावत आल्या.

“अहो, थांबा! काय झालं? हे सगळं हिच्यासाठीच चाललंय ना?”

“बाय, तुमी म्हनलं व्हतं, तो फोटो कुनाला दिसनार नाय.”

“कंपनीनं वापरायचा नाही, असं म्हटलं होतं मी. आपण तर विरोधासाठी लावतोय. दाखवल्याशिवाय लोकांना कळणार कसं?”

“आमाला कलला ना, तेवरा पुरं हाय. तुमीपन तसल्याच निगाल्या.”

सरोजिनीबाईंचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी आलं. आठ महिने त्यांनी या पोरीसाठी घरदार बघितलं नव्हतं. त्या सखूसमोर पायरीवरच बसल्या.

“सखू, तू तरी सांग बाळ आईला. त्या फोटोवाल्यात आणि माझ्यात काहीच फरक नाही का?”

सखूनं पहिल्यांदाच मान वर केली.

“हाय ना,” ती म्हणाली. “त्यानं मला इचारलं व्हतं.”