चार दिवस कमी

लोरेटाने दोरी नकाशावर ताणून धरली आणि रेतोच्या वहीतल्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं.

नकाशा काउंटरच्या काचेखाली होता. दोरीला सारख्या अंतरावर गाठी होत्या. एक गाठ म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या कॅम्पर गाडीचा एक दिवस, दोनशे मैल. परदेशी पाहुण्याने आपला रस्ता या दोरीवर मोजून दाखवल्याशिवाय लोरेटा किल्ली देत नसे. नियम तिचा स्वतःचा होता आणि डेन्व्हरच्या त्या भाड्याच्या गाड्यांच्या आवारात तिचाच शब्द चालायचा. विमानातून उतरून डोळे चोळत थेट गाडीत बसणारे तिने पंधरा वर्षं पाहिले होते, आणि त्यांनी चेपून परत आणलेल्या गाड्याही.

"आजचा मुक्काम लँडरला," ती म्हणाली. "तीनशे चाळीस. अहो, आत्ताच साडेअकरा वाजलेत."

"चार तास लागतील," रेतो म्हणाला.

"सात लागतील. वारा सुटला तर आठ."

रेतो समजूतदारपणे हसला. स्वित्झर्लंडात तीस वर्षं रेल्वेची वेळापत्रकं बनवून तो निवृत्त झाला होता आणि दुसऱ्याला वेळ शिकवायची त्याला सवय होती. ताशी नव्वदने तीनशे चाळीस किलोमीटरला किती तास लागतात, हे तो तिला सांगायला लागला. लोरेटाने मध्येच विचारलं, किलोमीटर कुठून आले?

त्याने अ‍ॅटलास उघडून दाखवला. दोन गावांच्या मधे लाल आकडे छापलेले होते. दोन वर्षं खपून त्याने ते वहीत उतरवले होते. गॅलनचे लिटर केले, तापमान आपल्या अंशांत आणलं, पण रस्त्यावरच्या आकड्याकडे संशयाने बघायचं त्याला सुचलंच नाही. त्याच्या देशात तो आकडा किलोमीटरचाच असतो.

"मैल आहेत हे," लोरेटा हळूच म्हणाली.

रेतोची बायको मार्ग्रित बाजूच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

रेतोचे कान लालबुंद झाले. त्याने पेन्सिल काढली आणि उभ्या उभ्या सगळे दिवस नव्याने मांडायला घेतले. एकूण चौदा दिवस, आणि पंधराव्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोहून परतीचं विमान. यलोस्टोन, झायन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी. प्रत्येक ठिकाणी गाडी लावून मुक्काम करायची जागा त्याने जानेवारीत, आरक्षण सुरू झाल्याच्या पहिल्या मिनिटाला पकडलेली. त्याने दोनदा बेरीज केली. चार दिवस कमी पडत होते.

लोरेटाने दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. या दोरीने तिने बरेच संसारही मोजले होते.

पेन्सिल यादीवरून खाली खाली आली आणि सॅमनपाशी थांबली. आयडाहोतलं हे गाव वाटेवर नव्हतंच. तिथे मार्ग्रितची थोरली बहीण रोझमारी राहायची, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. तिला भेटून एकवीस वर्षं झाली होती. यायचं तर या उन्हाळ्यात या, असं नाताळात तिने फोनवर सांगितलं होतं आणि पुढे काही बोलली नव्हती. दोन दिवस तिच्याकडे, दोन जाण्यायेण्याचे. बरोबर चार. शिवाय तिथलं कुठलं आरक्षणही रद्द करायला नको.

"पुढच्या वर्षी वेगळे येऊ आपण," रेतो वहीकडे बघत म्हणाला. "फक्त तिच्यासाठी."

त्याने त्या ओळीवर काट मारली. पट्टी लावून, सरळ.

"मला फेब्रुवारीतच कळलं होतं," मार्ग्रित म्हणाली.

"काय?"

"ते मैल आहेत हे. रोझमारीला विचारलं होतं मी, यलोस्टोनहून तुझ्याकडे किती वेळ लागतो."

रेतो वळला. "आणि तू बोलली नाहीस? पाच महिने?"

"बोलले असते तर पहिली काट कुणावर मारली असतीस?"

पेन्सिल अजून त्याच ओळीवर होती. रेतोने ती उचलली, पण ठेवायची कुठे हे त्याला कळेना. मार्ग्रितला रडू येत होतं आणि रेतोचा रागही येत होता. पाच महिने तिने त्याला रोज संध्याकाळी त्या वहीवर वाकलेला पाहिला होता. दया यायची, आणि तरी ती त्याला कॉफी देऊन आपल्या कामाला निघून जायची.

लोरेटाने दोरी पुन्हा नकाशावर ठेवली आणि काही गाठी बोटांनी ओलांडल्या. आळीपाळीने चालवणारे दोघं असतील तर रोज दीड गाठ जमते, ती म्हणाली. दमाल, पण काही खोडावं लागणार नाही. फक्त आज लँडर नको, अलीकडे शायेनलाच थांबा.

"ती चालवत नाही," रेतो म्हणाला.

मार्ग्रितने पर्समधून आपला परवाना काढून काउंटरवर ठेवला. "चालवते. हा शेजारी बसला की नाही चालवत."

"एवढी मोठी गाडी तू जन्मात चालवलेली नाहीस," रेतो म्हणाला.

"तूही नाहीस."

लोरेटाने दुसऱ्या चालकाचा कागद पुढे सरकवला. मार्ग्रितने सही केली. मग किल्ली उचलून ती एकटीच बाहेर गेली. गाडी द्यायच्या आधी आवारात एक फेरी मारून दाखवावी लागायची, तेही लोरेटाने तिला सांगून टाकलं होतं.

रेतोने वही आवरली, पट्टी खिशात घातली आणि तो तिच्या मागोमाग उन्हात आला. गाडीपाशी जाऊन त्याने सवयीने डावीकडचं, चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

मार्ग्रित सीट पुढे ओढून घेत होती.

"तिकडून ये," ती म्हणाली.