खारट पोहे

आईने मीठ घातलेल्या पोह्यांत शर्वाणीनेही घाईघाईत मीठ घातलं होतं. पहिलाच घास तिला गिळवेना. तिला बघायला आलेला ओजस मात्र डोळ्यांत पाणी आलं तरी बशी संपवत होता.

"खारट झालेत ना? खरं सांगा," ती म्हणाली.

ओजसने कानामागचं टिकलीएवढं बटण दाबलं. निळा दिवा लागला. रोज नवा वाद उकरून काढत टीव्हीच्या पडद्यावर किंचाळणाऱ्या निवेदक रणधीर कुलथेचं मत त्याच्या डोक्यात उतरलं आणि चेहरासुद्धा तसाच वेडावाकडा झाला.

"अन्नाला नावं ठेवणारी माणसं घरातून हाकलली पाहिजेत!" टीपॉयवर मूठ आपटत तो कुलथेच्याच घोगऱ्या आवाजात ओरडला. त्याच्या तोंडातला पोह्याचा कण उडून शर्वाणीच्या मनगटाला चिकटला. तिला शिसारी आली. स्वतःच्या जिभेवरची चवसुद्धा याने त्या बोंबल्याच्या हवाली केली होती!

तिने आशेने बाबांकडे पाहिलं. आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तरी बाबा ताट सरकवून उठायचे.

बाबांनी तोंडातला घास कसाबसा गिळला. त्यांच्या कानामागे निळा दिवा लागला होता.

"अगदी लाख बोललात, जावईबापू!" ते म्हणाले. "शर्वाणी, मला अजून थोडे वाढ."