सरड्यासमोरची खुर्ची

सरड्याचे डोळे कालच्यापेक्षा आणखी आत गेले होते. सिस्टरनी खुर्ची पिंजऱ्याच्या जाळीला भिडवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डॉक्टरांना पेशंटची हकीकत सांगावी तसं फोनमध्ये सांगितलं, "शी बघितली. पांढरं असायचं ते नारिंगी झालंय."

नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. फोनच्या पडद्यावर त्यांचा मुलगा होता, दूरच्या शहरात, ऑफिसच्या जिन्यात उभा. सरडा त्याचा. नोकरी लागली तेव्हा मुलगा त्याला आईपाशी सोडून गेला होता.

"म्हणजे पोटात पाणी जात नाहीये," तो म्हणाला. "आई, यंत्र नीट लावलंयस ना?"

"तू लावलं असतंस त्याहून नीट लावलंय."

वाटीत ठेवलेलं पाणी या सरड्याला पाणी वाटतच नाही. पानावर थेंब चमकला तरच तो जीभ लावतो. म्हणून मुलाने हे यंत्र पाठवलं होतं. खाली पाण्याचा कॅन, त्याच्याजवळ मुठीएवढा पंप, तिथून वर गेलेली काळी नळी आणि पिंजऱ्याच्या छताला दोन बारीक तोट्या. टायमरने वेळ झाली की पंप आपोआप सुरू व्हायचा आणि पानांवर धुकं उतरायचं.

"तोट्या तुंबल्या असतील."

"व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. क्षार निघाले. कॅनमध्ये आता फिल्टरचंच पाणी भरते."

"नळीत हवा?"

सिस्टर नुसत्या हसल्या. उभा जन्म सलाइनच्या नळीतून हवा काढण्यात गेला होता.

"जोडापाशी गळत असेल मग."

"गळत होतं. तू नळी तिरकी कापून पाठवलीस. मी सरळ कापून परत बसवली. लहानपणी पेन्सिलीला टोकही तू तिरकंच काढायचास."

मुलगा हसला. मग म्हणाला, "एकदा चालू करून दाखव."

त्यांनी बटण दाबलं. पंप घुरघुरला. धुकं मऊ, सारखं पसरलं, पानांच्या टोकांना थेंब लोंबू लागले. सरडा फांदीला घट्ट धरून होता, अंग चपटं करून. त्याचा एक डोळा गरकन फिरला आणि सिस्टरवर येऊन थांबला. तोंड काही त्याने उघडलं नाही.

"बघ, असं करतो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित खाली आला. "तू येईपर्यंत त्याला काही होता कामा नये."

"माझं येणं अजून..."

"माहितेय."

मग मुलाने विचारलं, "पाणी पडतं तेव्हा तू कुठे असतेस?"

"कुठे असणार? इथेच."

"इथे म्हणजे कुठे?"

त्यांनी फोन फिरवून दाखवला. खुर्ची, खुर्चीवर पाठीला उशी, पायाशी चहाचा कप, स्टुलावर उष्टी ताटली.

"आई, जेवतेस पण तिथेच?"

"ओट्याशी उभ्या उभ्या गिळण्यापेक्षा बरं. हा बोलत नाही, पण भाजीत मीठ कमी पडलं म्हणून तोंडही वाकडं करत नाही."

"पण समोर कशाला बसतेस?"

"पोटात गेलं की नाही, ते नको बघायला?" वॉर्डात त्यांची तीच रीत होती. गोळी हातात दिली की ती गिळेपर्यंत खाटेसमोरून हलायचं नाही. उशीखाली गोळ्या लपवणारे भलेभले त्यांनी पकडले होते.

"आई, तो पेशंट नाहीये. कोणी बघत असलं ना, की तो पाणी पीत नाही. जंगलात त्याच्याकडे टक लावून बघतो तो त्याला खाणारा असतो."

"मी खाणारे का त्याला?"

"ते त्याला कसं कळणार? मी पिचकारी मारली की खोलीबाहेर जायचो."

"हे आधी नाही सांगितलंस."

"मला काय माहीत तू बसून राहशील. त्या खोलीत तुला जावंच लागू नये म्हणून तर यंत्र पाठवलं. तुझी सुटका व्हावी म्हणून."

सिस्टरनी पंपावरची धूळ बोटाने पुसली. धूळ नव्हतीच फारशी.

"म्हणजे खुर्ची हलवायची."

"हो. आणि पाणी थांबल्यावरही थोडा वेळ आत जाऊ नकोस. रागावलीस?"

"रागवायचं काय त्यात? त्याचं औषधच आहे ते."

जिन्यात कोणीतरी मुलाला हाक मारली. "ठेवतो हं आई," म्हणून त्याने फोन ठेवला.

त्यांनी उशी काढली, कप आणि ताटली उचलली, मग खुर्ची ओढत स्वयंपाकघरात नेली. सतरंजीवर चार पायांचे चार खळगे तेवढे राहिले. मधला पडदा ओढून त्या दाराकडे पाठ करून बसल्या.

वेळ झाली. पलीकडे पंप घुरघुरला, तोट्या फुसफुसल्या. सिस्टरची मान आपसूक वळली. त्यांनी ती सरळ केली. पंप थांबला. पानांवरून थेंब टपकत राहिले, मग तेही विरळ झाले. जीभ लागल्याचा आवाज होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या कान देऊन बसल्या.

ओट्यावर पाण्याचा जग सकाळी भरला होता तसाच होता. त्यांनी पेला भरून घेतला. घरात बघणारं कोणी नव्हतं. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत त्या पाणी प्यायल्या.