वळ आणि वळ्या

नववीचे भूगोलाचे पेपर तपासताना महेश्वरीबाईंचं डोकंच फिरलं. पाचव्या प्रश्नात सगळ्या वर्गाची एकच चूक, तीही शब्दाला शब्द सारखी : 'दोन्हीकडून दाब आला, की कठीण खडकाला तडे जातात आणि मऊ खडकावर वळ उठतात.'

दुसऱ्या दिवशी कुंभारीच्या शाळेत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी वर्गाला फैलावर घेतलं. "अरे, कॉपी करायलाही अक्कल लागते! खडकाला वळ्या पडतात, वळ्या! वळ उठतात ते मार खाल्ल्यावर. डोंगराला काय कुणी पट्ट्यानं हाणलं होतं?"

कुणीच हसलं नाही. पहिल्या बाकावरची अंकिता वही घेऊन पुढं आली.

"कॉपी न्हाय बाई. तुमीच लिहून दिलंय फळ्यावर."

वहीत तारीख होती, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारची. बाईंना तो सोमवार लख्ख आठवला. त्या दिवशी हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून त्यांनी सगळा धडा फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिला होता.

ब्लाऊजची बाही खाली ओढत त्यांनी हळूच विचारलं, "मग एवढ्या वर्गात चूक एकालाही दिसली नाही?"

"मला दिसली की बाई. म्हणून तर घरी आईला इचारलं." अंकितानं मान खाली घातली. "ती म्हणली, बरोबरच लिहिलंय तुमच्या बाईंनी. मऊ असलं की वळ उठतातच."