विस्तव

वणव्यात आमची अख्खी वाडी जळाली होती. पंधरवड्यात कुडाची नवी घरं उभी राहिली, पण चूल एकाही घरात पेटेना. आमच्यात नव्या घरची चूल काडी ओढून पेटवत नाहीत, शेजारणीकडून विस्तव मागून आणतात. यंदा शेजारणींच्याही चुली नव्याच, थंडगार.

शेवटी म्हातारी ठकूकाकू खापर घेऊन डोंगर चढली. आम्ही बाया तिच्या मागे. जळक्या जांभळीच्या बुंध्यापाशी बसून तिनं राख सारली. आत त्याच वणव्याचा निखारा अजून जिवंत होता. वारा लागताच लालबुंद फुलला.

आमचे हात आपसूक जोडले गेले.

"काकू, ह्यानंच घरं खाल्ली आपली," मी कुजबुजले.

काकूनं निखारा खापरात घेतला. "पोटभर खाल्लं ना? मग आता रांधू दे त्याला."