आयती शिकार

उंदरांनी पोत्यांची पार चाळण केली, तेव्हा वैतागलेल्या गिरणीवाल्याने कोपऱ्याकोपऱ्यात औषधाच्या वड्या ठेवल्या. कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून बिळांच्या आत, अगदी काळजीने.

दोन-चार दिवसांत उंदीर झिंगल्यासारखे चालायला लागले. माळ्यावर घुबडाची पिल्लं होती. त्यांच्या आईला आता झडप घालायचेही कष्ट उरले नाहीत. दिवेलागणीला ती एकामागून एक उंदीर वर न्यायची आणि पिल्लं फुसफुसत त्यांवर तुटून पडायची.

"बघ," तो बायकोला कौतुकाने म्हणाला, "आपल्यामुळे बाळंतिणीला घरपोच डबा मिळतोय."

वाचलेल्या उंदरांनी महिन्याभरात नवी पिलावळ उभी केली, पहिल्यापेक्षा धीट. कुणाची भीतीच उरली नव्हती त्यांना.

"अहो, पुन्हा सुळसुळाट झालाय," बायको म्हणाली. "आणि माळ्यावरची पिल्लं कुठे गेली? हल्ली आवाज नाही येत."

"उडाली असतील," तो मान खाली घालून पीठ चाळत राहिला.



गिरणीमागे त्यानेच ती पुरली होती, आईसकट. सगळ्यांची पोटं गच्च भरलेली होती.